चित्र कसं दिसतं आणि चित्र काय करतं

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर बांधकाम चालू असलेल्या इमारती बघत गेलं की बऱ्याच ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर राक्षसाचा मुखवटा टांगलेला दिसतो. लालभडक जीभ, बाहेर आलेले डोळे, झुपकेदार मिशा. आत कोट्यवधींचे फ्लॅट, कॉम्प्युटरवर केलेलं डिझाइन, रेराचा नंबर आणि बाहेर हा. तो सुंदर आहे का, असं कोणी विचारत नाही. रंग उडाला, कान तुटला तरी चालतो. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी स्वतःवर ओढून घ्यायची एवढंच त्याचं काम.

आता त्याच इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये जा. हॉलच्या भिंतीवर तिथंही एखादा मुखवटा असतो, कथकलीचा नाहीतर बंगालच्या छाऊ नाचातला. तो कोणाची नजर घेत नाही. तो सोफ्याच्या रंगाला जुळतो.

माणसानं केलेल्या कुठल्याही चित्राला किंवा मूर्तीला दोन प्रश्न विचारता येतात. हे कसं दिसतं? आणि हे काय करतं? पहिला प्रश्न आज आपण कलेला विचारतो. दुसरा जादूला. जादू म्हणजे इथं स्टेजवरची नव्हे, तिच्याकडे नंतर येऊ. शब्दानं, कृतीनं किंवा वस्तूनं न दिसणाऱ्या शक्तीकडून खरंखुरं काम करून घ्यायचं, तिला इथं जादू म्हणतोय. इतिहासात फार मोठा काळ हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. चित्र काढणाऱ्याकडून ते चित्र काहीतरी घडवेल अशी अपेक्षा असायची. पाऊस आणेल, मूल वाचवेल, मेलेल्याला पलीकडे सुखरूप पोचवेल.

सारखेपणा आणि स्पर्श

ही अपेक्षा येते कुठून? जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकानं 1890 साली जगभरच्या चालीरीती गोळा करून एक मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यानं जादूचे दोन नियम मांडले. पहिला सारखेपणाचा: एखाद्या गोष्टीची प्रतिमा केली की मूळ गोष्टीवर ताबा येतो. दुसरा स्पर्शाचा: एकदा अंगाला लागलेली वस्तू अंगापासून लांब गेली तरी तिचं नातं तुटत नाही.

दोन्ही नियम आपल्या घरात आहेत. दिवाळीत दारात लक्ष्मीची पावलं काढतात ती आत येणारी. बाहेर जाणारी पावलं काढून बघा, घरातल्या आजी काय म्हणतात ते कळेल. नागपंचमीला पाटावर गंधानं काढलेल्या नागाला दूध-लाह्या दाखवतात. हा झाला सारखेपणा. कापलेली नखं, विंचरताना गळालेले केस कुठंही टाकू नयेत हा स्पर्शाचा नियम.

फ्रेझरला वाटायचं की जादू म्हणजे फसलेलं विज्ञान, माणूस शहाणा झाला की ती जाईल. मला हे पटत नाही. लक्ष्मीची पावलं काढणारी बाई एसआयपीसुद्धा भरते आणि दोन्ही कामं वेगवेगळी आहेत हे तिला पक्कं माहीत असतं. शिवाय शिकलेल्या माणसाचा हातही प्रतिमेपुढे अडखळतो. अमेरिकेतल्या पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना चेहऱ्यांच्या चित्रांवर डार्ट मारायला सांगितलं होतं. आवडत्या माणसाचा चेहरा समोर असला की नेम चुकायचा. कागदाला काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी हात ऐकत नव्हता. कलेची सगळी ताकद या न ऐकणाऱ्या हातावर उभी आहे, असं मला वाटतं.

गुहेतले गवे आणि एक सोयीचा सिद्धांत

कला आणि जादू म्हटलं की पहिलं उदाहरण हमखास गुहाचित्रांचं येतं. आदिमानवानं प्राण्याचं चित्र काढलं, त्याला भाला मारला, म्हणजे दुसऱ्या दिवशी शिकार मिळणार. शाळेत आपण हेच शिकलो. या सिद्धांताचा जन्म मात्र फार उशिराचा आहे.

स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेतली चित्रं 1879 साली सापडली. सौतुओला नावाचा जमीनदार गुहेत जमीन उकरत होता. त्याची लहान मुलगी वर बघत होती आणि छतावरचे गवे तिला दिसले. तज्ज्ञांनी चित्रं बनावट ठरवली, कारण रानटी माणसाला इतकं चांगलं चित्र येणारच नाही. सौतुओला बिचारा तो डाग घेऊनच गेला. विरोधकांतल्या सगळ्यात मोठ्या तज्ज्ञानं आपलं चुकलं असं छापलं ते 1902 साली. चित्रं खरी आहेत हे मान्य झाल्यावर नवा पेच आला: त्यांनी ती काढली कशाला? त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची वर्णनं युरोपात पोचली होती. अन्नासाठी लागणारे प्राणी वाढावेत म्हणून ते विधी करतात, त्यात चित्रं काढतात. सॅलोमन रेनाक या फ्रेंच विद्वानानं 1903 मध्ये दोन टोकं जोडली आणि शिकारीच्या जादूचा सिद्धांत तयार झाला.

सिद्धांत सोपा आहे, म्हणूनच टिकला. पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध जातो. फ्रान्समधल्या लास्को गुहेत जी हाडं सापडली ती बहुतेक सगळी रेनडिअरची. म्हणजे जेवणात रेनडिअर होता. भिंतींवर घोडे आहेत, रानबैल आहेत, हरणं आहेत. रेनडिअर शोधायला गेलं तर एखादाच. 1994 मध्ये सापडलेल्या शोवे गुहेत, जिथली जुनी चित्रं 36,000 वर्षांच्या आसपासची मानली जातात, तिथं सिंह, गेंडे, अस्वलं भरपूर आहेत. अशा प्राण्यांच्या मागे कोणी जेवणासाठी लागत नाही. भाले लागलेले प्राणी तर एकूणात थोडेच.

मग ती चित्रं नुसती शोभेची होती का? तसंही दिसत नाही. माणसं राहायची गुहेच्या तोंडाशी, आणि कित्येक चित्रं आहेत आत खोल, जिथं दिव्याशिवाय हात दिसत नाही. खडकाचा नैसर्गिक फुगवटा पाहून तिथंच प्राण्याचं पोट किंवा खांदा बसवलेला आहे. ज्याँ क्लॉट आणि डेव्हिड लुईस-विल्यम्स या अभ्यासकांनी 1996 मध्ये असं मांडलं की भिंत हा त्या लोकांसाठी दोन जगांमधला पडदा होता. पलीकडचे प्राणी त्यातून बाहेर येत, आणि भिंतीवर उमटवलेला हात हा पलीकडे स्पर्श करायचा प्रयत्न होता. यालाही विरोध आहे. पण निदान हा विचार चित्र कुठं आहे याकडे लक्ष देतो. आधीचा सिद्धांत फक्त काय काढलंय तेवढंच बघत होता.

आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांनाही हेच लागू पडतं. राजापूर तालुक्यात कशेळीला सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. ज्यांनी कोरला त्यांनाही मावला नसणार. बघण्यासाठी केलेल्या चित्राचं हे लक्षण नव्हे.

डोळे उघडणे

इजिप्तमध्ये गोष्ट स्पष्ट होते, कारण तिथं लिहून ठेवलेलं आहे. पुतळा पूर्ण झाला की पुरोहित त्याच्या तोंडाला सुतारकामाच्या वाकसासारखं हत्यार लावून तोंड उघडण्याचा विधी करत. त्यानंतर तो पुतळा खाऊ, बोलू, श्वास घेऊ शकतो असं समजत. हाच विधी ममीवरही होई. चित्रांत जीव येतो ही श्रद्धा इतकी घट्ट की काही थडग्यांमध्ये लिपीतली साप-सिंहांची चिन्हंसुद्धा मुद्दाम अर्धवट कापून कोरलेली आहेत. मेलेल्या राजाला अक्षरातला साप चावू नये म्हणून!

आपल्याकडे तोंडापेक्षा डोळ्याला महत्त्व. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चित्रकलेचा उगमच असा सांगितलाय: नारायण ऋषींनी आंब्याच्या रसानं एका अप्सरेचं चित्र काढलं आणि त्यातून उर्वशी प्रकट झाली. चांगलं चित्र श्वास घेतल्यासारखं वाटतं, असंही तिथं म्हटलंय. श्रीलंकेत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवायचा विधी आजही होतो. कारागीर मूर्तीकडे पाठ करतो आणि आरशात बघत खांद्यावरून कुंचला नेऊन बुबुळ काढतो. उघडणाऱ्या डोळ्यांची पहिली नजर कोणी झेलायची नाही. मग त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला बाहेर नेतात आणि त्याची स्वतःची नजर आधी अशा वस्तूवर पाडतात जी लगेच फोडून टाकता येईल.

ठाण्यात श्रावणात गणपतीच्या कारखान्यात गेलात तर डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सगळ्यात मुरलेल्या हाताकडे असते. बाकी अंग कोणीही रंगवेल. आखणी चुकली की मूर्ती गेली. पण एक बारकावा बघा. आखणी झाली तरी ती मूर्ती अजून माल असते. तिची घासाघीस होते, ॲडव्हान्स दिला जातो, टेम्पोत पेंढ्यावर ठेवून ती घरी येते. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले की ती देव होते, आणि उत्तरपूजेनंतर अक्षता टाकून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की पुन्हा माती. म्हणून तर कालपर्यंत आरती ज्याची केली त्याला आज कृत्रिम तलावाच्या पाण्यात सोडताना आपला हात थरथरत नाही, गळा दाटतो फक्त. इजिप्तच्या पुतळ्यात जीव घातला की तो कायम राहावा, अशी धडपड असे. आपण त्याला येण्या-जाण्याची तिथी दिली. मला ही फार हुशार व्यवस्था वाटते: एकच वस्तू आधी कला, मग जादू, मग पुन्हा काहीच नाही, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही.

युरोपची पाचशे वर्षं, ठाणे जिल्ह्याची एक पिढी

युरोपात कला आणि जादूची फारकत फार हळू झाली. मध्ययुगात चर्चमधली मेरीची प्रतिमा रोग बरे करायची, रडायची, नवस फेडून घ्यायची. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी अशा प्रतिमा फोडल्या, 1566 मध्ये नेदरलँड्समध्ये तर झुंडीनं. 1793 मध्ये पॅरिसचा राजवाडा लूव्र संग्रहालय म्हणून उघडला. पूर्वी जिच्यापुढे गुडघे टेकायचे त्या मेरीसमोर आता लोक हात मागे बांधून उभे राहू लागले. चित्रकाराचं नाव खाली लिहिलेलं आलं, शैली आली, किंमत आली. वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंतानं 1930च्या दशकात हे नेमकं पकडलं: जुन्या प्रतिमेचं मोल ती असण्यात होतं, कोणी न बघितली तरी. नव्या प्रतिमेचं मोल ती दाखवली जाण्यात आहे.

हीच फारकत आपल्या जिल्ह्यात एका माणसाच्या आयुष्यात झाली. डहाणू-तलासरी 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या वारली पाड्यांवर लग्नघरात भिंतीवर चौक लिहितात. भिंत शेणानं सारवून गेरू द्यायचा, तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूची काडी ठेचून कुंचला करायचा. चौक लिहायचा तो सवासिनींनी. धवलेरी लग्नाची गाणी गाते, भगत देवांना बोलावतो. चौकाच्या मध्ये पालघट देवी. तिच्याशिवाय लग्न लागत नाही, एवढं ते चित्र कामाचं. लग्न झालं, काम झालं. पुढच्या पावसात पोपडे निघाले तरी कोणी हळहळत नाही.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे कलाकार सरकारी हस्तकला विभागाच्या कामानं या पाड्यांवर गेले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (1934-2018) लग्न नसतानाही चित्रं काढायचे, रोज, स्वतःच्या ओढीनं. हे तोवर कोणी करत नव्हतं, पुरुषांनी तर नाहीच. त्यांच्या कागदावर देवीऐवजी मुंग्यांची वारुळं आली, मासे पकडायचं जाळं आलं, तारपा या वाद्याभोवती गोल फिरणारा नाच आला. चित्रं परदेशी प्रदर्शनांत गेली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. युरोपात जे करायला मूर्तिभंजक, संग्रहालयं आणि पाचशे वर्षं लागली ते इथं कागद आणि एक हट्टी माणूस मिळून झालं. आणि इथं काही फोडावं लागलं नाही. चौक अजून लिहिला जातो.

आज ठाण्यात वारली चित्र कुठं दिसत नाही ते सांगा. उड्डाणपुलाच्या खांबावर आहे, सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर आहे, कुर्तीवर आहे. त्यात तारप्याचा नाच असला की माझी काही तक्रार नसते. तो प्रदर्शनाच्या वाटेनं आलाय. खटकतो तो चौक. लग्नघरातली देवी चौकटीसकट उचलून हॉटेलच्या मेन्यूकार्डावर छापलेली असते, आणि ज्यानं छापली त्याला ती कोण हे विचारावंसंही वाटलेलं नसतं.

कबूल करून फसवणारा

आता स्टेजवरची जादू. देवळातून, थडग्यातून जी जादू हलली ती नाहीशी झाली नाही. ती तिकीट लावून नाट्यगृहात आली. पॅरिसच्या रॉबेर-उदँनं 1845 मध्ये आपलं थिएटर उघडलं तेव्हा जादूगाराचा लांब झगा आणि टोकदार टोपी काढून टाकली आणि साहेबी पोशाख घातला. त्याचा एक खेळ प्रसिद्ध होता: लहानशी पेटी, जी कधी पोरगंही उचलेल, तर कधी पैलवानालाही हलणार नाही. खाली विजेचं चुंबक होतं. पॅरिसमध्ये लोक टाळ्या वाजवायचे. 1856 मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला अल्जीरियाला पाठवलं, तिथल्या मराबूत फकिरांचा लोकांवरचा प्रभाव मोडायला. तिथं त्यानं तीच पेटी ठेवली आणि धट्ट्याकट्ट्या माणसाला सांगितलं, मी तुझी शक्ती काढून घेतलीय. पेटी तीच, चुंबक तेच. एका गावात ती कला, दुसऱ्या गावात सत्तेची करणी. बदललं ते फक्त प्रेक्षकाशी केलेलं बोलणं.

आपल्या राज्यात 2013 मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदाही याच रेषेवर उभा आहे. स्टेजवर रुमालातून कबुतर काढणाऱ्याला तो हात लावत नाही. चमत्काराच्या नावावर माणसाला लुटणाऱ्याला, छळणाऱ्याला धरतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, कार्यकर्ते शाळा-कॉलेजांत जिभेवर कापूर पेटवून दाखवतात आणि मग तो कसा पेटवला तेही सांगतात. म्हणजे त्याच युक्तीचे तीन मालक झाले: बाबा, जादूगार आणि कार्यकर्ता.

या कथेतलं मराठी माणसाचं पान मात्र दादासाहेब फाळक्यांचं. जे.जे.मध्ये शिकलेले, फोटोग्राफी, छपाई सगळं करून झालेले फाळके जादूचे प्रयोगही करायचे. नाव उलटं फिरवून स्टेजवर ते झाले ‘प्रोफेसर केळफा’. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसची वाट अशीच होती. त्यानं 1888 मध्ये रॉबेर-उदँचंच थिएटर विकत घेतलं, 1895 मध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला आणि सिनेमात घुसला. जादूगारांना सिनेमा लवकर कळला, कारण माणूस नाहीसा करायला आता पिंजरा आणि आरसे लागत नव्हते. कॅमेरा थांबवला की झालं.

भांडवल मिळावं म्हणून फाळक्यांनी आधी काय चित्रित केलं ते बघा: कुंडीत पेरलेला वाटाणा, रोज थोडा थोडा टिपलेला. पडद्यावर तो डोळ्यांदेखत उगवून वर आला. आपले गारुडी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर टोपलीखाली कोय पेरून आंब्याचं झाड उगवून दाखवत. खेळ तोच, फक्त टोपलीच्या जागी कॅमेरा. पुढे 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, 1917 मध्ये ‘लंकादहन’. पडद्यावर राम आला की लोक वहाणा काढून हात जोडायचे, अशा आठवणी नोंदलेल्या आहेत. ज्याला आपण जादूगार आहोत हे नीट माहीत होतं त्यानं केलेली युक्ती, आणि समोरच्यांसाठी साक्षात दर्शन. मला नाही वाटत की ते लोक फसले. पडदा आहे हे त्यांना दिसतच होतं. चतुर्थीच्या मूर्तीशी जसं वागायचं तसं ते वागले, खेळ चालू असेपर्यंत.

गडकरी रंगायतनमध्ये नव्या नाटकाचा नारळ वाढवतात, नटराजाची पूजा होते आणि मग तिसरी घंटा. पडदा उघडला की तेच लोक लाकडाच्या फळीला भिंत समजू लागतात.

थक्क करणे

विसाव्या शतकातले चित्रकार या जुन्या नात्याकडे पुन्हा वळले. 1907 मध्ये पिकासोनं पॅरिसच्या एका संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले. ही शिल्पं नव्हेत, ही वाईट शक्तींना अडवायची साधनं आहेत, असं आपल्याला तिथं उमगल्याचं त्यानं पुढे सांगितलं. त्यातून जे घडलं त्याच्यावर ग्रंथ आहेत. मला त्यापेक्षा आल्फ्रेड जेल या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं जास्त कामाचं वाटतं.

पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवरचे लोक होड्या घेऊन लांबच्या बेटांवर शंखांचे दागिने घ्यायला-द्यायला जातात. होडीच्या नाळेवर नक्षीची फळी असते, वळणांत वळणं, पांढरा-काळा-लाल रंग. किनाऱ्यावर उभा असलेला समोरचा व्यवहारी ती बघून दिपतो आणि हातचं राखायचं विसरतो, असा तिचा उपयोग. फळीवर मंत्र घातलेले असतात. जेलनं 1992 मध्ये म्हटलं की नक्षी डोळे फिरवते हे खरं, पण दिपवतं ते वेगळंच: हे माणसाच्या हातानं झालं कसं, हे बघणाऱ्याला उलगडत नाही. स्वतःला जमणार नाही असं काहीतरी करणारा हात मंत्रवाला असला पाहिजे, असं तो धरून चालतो. जेलच्या मते कलेची जादू या न उलगडण्यातच आहे. देव मानणारा असो वा न मानणारा, त्यातून कोणी सुटत नाही.

गुढीपाडव्याला ठाण्यात गावदेवी मैदानावर भली मोठी रांगोळी काढतात. पोर्ट्रेट रांगोळीच्या प्रदर्शनांत तर चिमटीतल्या भुकटीनं लता मंगेशकरांच्या साडीची जर काढलेली असते, म्हाताऱ्याच्या गालावरची सुरकुती काढलेली असते. तिथं रांगेत काय बोलणं चालतं ते ऐका. सुंदर आहे, हे लोक एकदा म्हणतात. त्यानंतर सगळी चर्चा एकच: ही खरंच रांगोळी आहे की खाली फोटो चिकटवलाय? आणि खात्री करून घ्यायला कोणीतरी वाकून फुंकर मारायच्या बेतात असतो, म्हणून दोरीच्या आत एक स्वयंसेवक दिवसभर ओरडत उभा असतो.